टीबीच्या गोळ्या चालू आहेत आणि पोट पार बिघडलंय, "लीकी गट" म्हणतात ते हेच का?

कोरडवाहू (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझ्या ताईला फुफ्फुसाचा टीबी निघाला, बेडक्याची सीबीनॅट (टीबीचे जंतू आणि औषधाचा रेझिस्टन्स शोधणारी टेस्ट) झाली, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला रेझिस्टन्स नाही असं रिपोर्टात आहे आणि सरकारी दवाखान्यातून रोजच्या गोळ्या चालू आहेत, आता दुसरा महिना चालू आहे. संध्याकाळचा ताप गेला, खोकला पण बराच उतरला, पण पोटाचं काही खरं नाही बघा. चार घास खाल्ले की पोट गच्च, गॅस, दिवसातनं तीन चार वेळा पातळ होतं, आणि वजन ३८ किलोवर अडकलंय, उंची ५ फूट २ इंच. घरात सगळ्यांचं एकच, दूध पी, अजून दूध पी, प्रोटीन पावडर दुधातनं घे, आणि ती जेवढं दूध पिते तेवढं पोट जास्त बिघडतं.

मी नेटवर वाचत गेलो तर लीकी गट म्हणून काहीतरी सापडलं, म्हणजे आतड्याच्या अस्तराला फटी पडतात आणि त्यातनं जंतूंचे तुकडे रक्तात जातात आणि अंगभर सूज म्हणजे इन्फ्लमेशन होतं असं. तिचा सीआरपी, म्हणजे रक्तातला इन्फ्लमेशनचा आकडा, पण अजून जास्तच येतोय. आता एका लॅबवाल्याने आतड्याचं एक पॅनेल सुचवलंय, त्यात झोन्युलिन म्हणून शौचाची टेस्ट आहे, पैसे बरेच आहेत. तर मला एवढंच समजून घ्यायचंय की टीबीत खरंच आतड्याचं अस्तर खराब होतं का, का हे गोळ्यांमुळे होतंय, आणि ही टेस्ट करावी का. ती खूप खचलीय, गोळ्या बंद करू का म्हणून रोज विचारते. कुणाला माहीत असेल तर नीट समजावून सांगा.

---

रातपाळी

मी मेडिसिनमध्ये काम करतो, टीबीचे पेशंट रोज बघतो. अस्तराचं नंतर बोलू, आधी तातडीचं विचारतो.

उलट्या होतात का, अन्नाचा वास पण नको वाटतो का, उजव्या बरगडीखाली दुखतं का, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतो का? लघवीच्या रंगावर जाऊ नका, रिफाम्पिसिनने ती तशीही नारिंगी होते, त्यामुळे लोकांची कावीळ नजरेतून सुटते. डोळे उजेडात, खिडकीपाशी बघा. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड या तिन्ही गोळ्या लिव्हरला त्रास देऊ शकतात आणि त्याची सुरुवात बहुतेक वेळा "पोट बिघडलंय" अशीच वाटते. लिव्हरची तपासणी या आठवड्यात करून घ्या, सरकारी दवाखान्यात होते.

दुसरं, शौचातून रक्त, पोटात उजवीकडे खाली दुखणं, किंवा पोटात गोळा उठून गुडगुड होऊन मग सुटल्यासारखं वाटणं, यातलं काही आहे का? फुफ्फुसाच्या टीबीत पेशंट बेडका नकळत गिळतो, त्यातले जंतू आतड्यात जातात. औषधं येण्यापूर्वीच्या काळात फुफ्फुसाच्या टीबीने दगावलेल्यांची शवविच्छेदनं व्हायची त्यात निम्म्याहून जास्त जणांच्या आतड्यात टीबीचे व्रण सापडायचे. लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं ती त्याची आवडती जागा. औषधं तीच लागतात, पण आतडं आकसलं असेल तर सर्जनला दाखवावं लागतं, म्हणून विचारतोय.

शुगर आणि एचआयव्ही या दोन टेस्ट टीबी निघाल्यावर सगळ्यांच्याच करतात, झाल्यात का बघा. आणि गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. कावीळ वाटली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं आणि त्यांनी सांगितलं तर थांबवायच्या.

---

पेशीजाल

मी पुण्यात इम्युनॉलॉजीत पीएचडी करतेय, माझा विषय आतड्याच्या जवळचाच आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. डॉक्टरांनी विचारलंय त्याची उत्तरं आधी द्या, हे नंतर सावकाश वाचा.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे, टीबीत आतड्याच्या अस्तरावर परिणाम होतो, आणि आतड्यात टीबी नसला तरी होतो. आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा फक्त एकच थर असतो, एकच, वर चिकट श्लेष्म्याचा पडदा आणि खाली रोगप्रतिकारक पेशींचा पहारा. दोन पेशींमधल्या फटी क्लॉडिन, ऑक्लुडिन अशा प्रोटीन्सनी आवळून बंद केलेल्या असतात, फरशीच्या सांध्यात सिमेंट भरतात ना तसं, पण हा भराव जिवंत आहे, शरीराच्या सिग्नलवर तो सैल किंवा घट्ट होतो. आणि तो सैल करणारे मोठे सिग्नल कोणते तर टीएनएफ आणि इंटरफेरॉन गॅमा. हे दोन्ही रेणू टीबीच्या जंतूला फुफ्फुसात कोंडून ठेवायला लागतातच, म्हणून तर सांधेदुखीसाठी टीएनएफ दाबणारी इंजेक्शनं द्यायच्या आधी टीबीची तपासणी करतात, कारण ते दाबलं की झोपलेला टीबी उठतो. म्हणजे शरीर ज्या हत्याराने छातीत लढतंय त्याच हत्याराचा मार पोटातल्या अस्तराला पण बसतो. हे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

त्यात भर म्हणजे उपासमार. आतड्याचं अस्तर साधारण ३ ते ५ दिवसांत पूर्ण नवं होतं, शरीरातलं हे सगळ्यात भरभर नवं होणारं काम आहे, त्याला सतत प्रोटीन आणि ऊर्जा लागते. टीबीने भूक गेलेली, अंगातलं मांस झडलेलं, अशा माणसाला हे नवं बांधकाम परवडत नाही. मग आतड्यातले केसासारखे उंचवटे, म्हणजे व्हिलाय, ते बुटके होतात आणि अन्न शोषायची जागाच कमी होते. दूध पचवणारं लॅक्टेज हे एन्झाइम नेमकं या उंचवट्यांच्या टोकाला असतं, त्यामुळे टोकं झिजली की आधी दूध पचेनासं होतं. तुमच्या ताईला दुधाने पोट फुगतंय ते यामुळे असण्याची बरीच शक्यता आहे. दूध आणि दुधातली पावडर थोडे दिवस बाजूला ठेवून बघा, त्याऐवजी दही, ताक चालतंय का बघा, त्यात दुधातली साखर कमी असते. अस्तर सुधारलं की दूध परत चालायला लागतं.

आता रक्तात काय जातं ते. आतड्यातल्या बऱ्याच जंतूंच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा रेणू असतो, त्याला एलपीएस म्हणतात. एरवी जो थोडासा निसटतो तो लिव्हरमधल्या पेशी गाळून टाकतात. जास्त आला की तो रक्तातल्या पेशींच्या सीडी१४ आणि टीएलआर४ या रिसेप्टरना चिकटतो, मग परत टीएनएफ, आयएल-६ हे इन्फ्लमेशन वाढवणारे रेणू वाढतात, आयएल-६ लिव्हरला सीआरपी बनवायला लावतं, आणि टीएनएफ भूक मारतं, मांस झडवतं. टीएनएफचं जुनं एक नाव कॅकेक्टिन होतं, कॅकेक्सिया म्हणजे शरीर खंगणं त्यावरून. मग परत अस्तर सैल. असं हे फिरत राहतं.

हे चक्र सगळ्यात ठळकपणे एचआयव्हीत दाखवलं गेलं, २००६ मध्ये, आणि त्यानंतर टीबीवाल्यांनी पण तसं शोधायला सुरुवात केली. फुफ्फुसाच्या टीबीच्या पेशंटच्या रक्तात एलपीएस, त्याला बांधणारं प्रोटीन आणि सुटं सीडी१४ हे वाढलेलं सापडलंय. पण इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, सुटं सीडी१४ हे टीबीच्या जंतूने चेतवलेल्या मोनोसाइट पेशी पण सोडतात, त्यामुळे ते वाढलं म्हणजे आतडंच गळतंय असं म्हणता येत नाही. आतड्याच्या पेशी मेल्याची जास्त थेट खूण म्हणजे आय-एफएबीपी नावाचं प्रोटीन. आणि सीआरपी तर काहीच वेगळं करून सांगत नाही, छातीतून आलंय का पोटातून, तो फक्त आग आहे एवढंच सांगतो.

ब्राझीलमध्ये टीबीच्या पेशंटना मॅनिटॉल आणि लॅक्टुलोज या साखरा पाजून लघवीत किती उतरतात ते मोजलं होतं. आतडं किती शोषतंय आणि किती गळतंय ते यावरून कळतं. तिथे शोषणच कमी निघालं, आणि रक्तात रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिडची पातळी पण बऱ्याच जणांत हवी त्यापेक्षा कमी होती. म्हणजे नुसतं "गळती" हा शब्द धरून बसू नका, कमी शोषण हा तितकाच मोठा प्रश्न आहे, अन्नाचं पण आणि औषधाचं पण.

---

कोरडवाहू

खूप आभार दोघांचे. पेशीजाल, दुधाचं तुम्ही सांगितलं ते आईला वाचून दाखवलं, उद्यापासून ताक.

डॉक्टर, डोळे पिवळे नाहीत, उलटी क्वचित, रक्त नाही, उजवीकडे खास दुखत नाही. लिव्हरची तपासणी आज झाली, नॉर्मल आहे. शुगर आणि एचआयव्ही सुरुवातीलाच केलेलं, दोन्ही ठीक. एक सांगायचं राहिलं, गोळ्या घेतल्या की जळजळते म्हणून ती लगेच वरनं अँटासिडचं गुलाबी औषध घेते. आणि गोळ्या नाश्ता झाल्यावर घेते, पोहे वगैरे खाऊन. हे चालतं का?

---

रातपाळी

लिव्हर नॉर्मल आहे, बरं वाटलं वाचून. उलटी, भूक यात बदल झाला तर परत करायची, एकदा नॉर्मल आली म्हणून सुटलो असं नाही.

अँटासिड लगेच वरून घेणं थांबवा. ॲल्युमिनियमवाल्या अँटासिडने आयसोनियाझिड कमी शोषलं जातं, रिफाम्पिसिनवर पण परिणाम होतो. गोळ्यांनंतर निदान एक तास, जमलं तर दोन तास गेल्यावर घ्या. आणि गोळ्या उपाशीपोटी घेतलेल्या उत्तम, म्हणजे खाण्याआधी एक तास किंवा खाल्ल्यावर दोन तासांनी. भरपेट पोह्यांवर घेतल्या की रक्तातली पातळी कमी चढते. वर ब्राझीलचं लिहिलंय ते वाचून तुमच्या लक्षात आलंच असेल, ज्या आतड्याचं शोषण आधीच कमी आहे तिथे हे दोन अडथळे अजून कशाला. पण उपाशीपोटी अगदीच मळमळलं आणि गोळी उलटून पडायला लागली तर एखादं बिस्किट, अर्धं केळं असं हलकं काहीतरी खाऊन घ्या, डोस बुडण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

---

मायक्रोस्कोप_ताई

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षं काम करतेय. झोन्युलिनवर पैसे घालवू नका, कळकळीने सांगते.

झोन्युलिन हे प्रोटीन खरं आहे, आतड्याच्या त्या सांध्यांशी त्याचा संबंध पण आहे, पण बाजारात जे किट मिळतात त्यांच्याबद्दल २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात असं दिसलं की ते जे पकडतात ते झोन्युलिन नसतंच, प्रोपर्डिनसारखं दुसरंच कुठलं तरी प्रोटीन असावं. म्हणजे आकडा छापून येतो पण तो कशाचा आहे हे नक्की नाही. आणि समजा आकडा बरोबर आला तरी त्याने उपचारात काय बदलणार, रिपोर्ट कसाही आला तरी करायचं तेच आहे. आय-एफएबीपी आणि ती साखरेची टेस्ट हे संशोधनात वापरतात, पेशंटचा उपचार ठरवायला नाही.

त्या पैशात शौचाची साधी तपासणी करा, जंत, अमिबा, जिआर्डिया दिसतात का ते बघायला. आपल्याकडे जिआर्डिया तर अगदी असंच करतो, पोट फुगणं, पातळ होणं, वजन न वाढणं, आणि त्यावर सोपं औषध आहे. हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन केलं नसेल तर ते करा.

---

शिवारातला

माझं मत वेगळं आहे. एवढ्या जहाल गोळ्यांनी आतड्यातले चांगले जंतू मरतात हे सगळेच सांगतात. आमच्या शेजारच्या काकांनी गोळ्या काही दिवस थांबवून आधी काढा घेऊन पोट साफ केलं आणि मग परत चालू केल्या. आतडं नीट नसेल तर गोळ्या लागणार कशा?

---

रातपाळी

तुम्ही काळजीने लिहिलंय हे मला दिसतंय, पण हे इथे वाचून कुणी केलं तर माणूस जाऊ शकतो म्हणून स्पष्ट लिहितो. पहिले दोन महिने जंतूंची संख्या सगळ्यात जास्त असते. तेव्हा गोळ्या मध्येच सोडून परत धरल्या तर जे जंतू उरतात त्यात औषधाला न जुमानणारे वाढण्याचा धोका असतो. मग उपचार अवघड, औषधं जास्त त्रासाची. जुलाबाचा काढा तर ३८ किलोच्या माणसाला अजिबात नको, आधीच पाणी आणि क्षार जातायत.

---

पेशीजाल

शिवारातला, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि त्याचं नीट उत्तर द्यायला हवं असं मला वाटतं, कारण हा प्रश्न खूप जणांच्या मनात असतो.

गोळ्यांनी आतड्यातले जंतू बदलतात हे खरं आहे. हैतीमध्ये पोर्ट-ओ-प्रिन्सच्या पेशंटवर हे बघितलं गेलं, २०१७ मध्ये छापून आलं. एकूण विविधता फारशी कमी होत नाही पण रुमिनोकॉकस, युबॅक्टेरियम, लॅक्टोबॅसिलस यांच्यासारखे ठराविक जंतू कमी होतात, आणि उपचार संपून वर्ष उलटलं तरी फरक राहतो. उंदरांवर गोळ्या एकेक करून दिल्या तेव्हा बहुतेक बदल रिफाम्पिसिनमुळे होतो असं दिसलं, ते समजण्यासारखं आहे कारण तेच यातलं खूप प्रकारच्या जंतूंना मारणारं अँटिबायोटिक आहे, आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइडचा मारा त्या मानाने टीबीच्या जंतूपुरताच.

पण त्याच हैतीच्या गटाने २०२१ मध्ये पुढचं दाखवलं ते जास्त महत्त्वाचं. गोळ्या चालू असताना आतड्यातले जंतू बिघडलेले असले तरी रक्तातलं इन्फ्लमेशन उतरतच जातं, कारण टीबीचे जंतू मरत असतात आणि आगीचं मूळ तेच आहे. कुणाचं किती उतरतं याचा आतड्यातल्या जंतूंशी पण संबंध दिसला, क्लॉस्ट्रिडिया गटातले जंतू ज्यांच्यात टिकून होते त्यांच्यात रक्ताचं चित्र नॉर्मलकडे जास्त झुकलं. म्हणजे आतडं हा भाग खराच आहे, पण गोळ्या थांबवल्या तर अस्तराला सैल करणारा तो टीएनएफचा मारा चालूच राहणार. आतडं सुधारायचा रस्ता गोळ्यांतूनच जातो.

---

आता_बरी

कोरडवाहू दादा, मला दोन वर्षांपूर्वी झाला होता, पूर्ण बरी आहे, ताईला सांगा. माझं पण दुसऱ्या महिन्यात पोटाचं असंच चाललेलं आणि वजन हलत नव्हतं. मला ताट भरून जेवण बघितलं की रडू यायचं. नर्सबाईंनी सांगितलं की ताट विसर, दर दोन अडीच तासाला वाटीभर खा. मऊ खिचडी तूप घालून, नाचणीची आंबील, उकडलेलं अंडं, मुगाचं वरण, शेंगदाण्याची चटणी तेल घालून भाकरीच्या चतकोरावर, दही भात. दूध मला पण बंद करावं लागलेलं. तिसऱ्या महिन्यापासून भूक अशी लागली की घरचे बघत राहिले.

एक विचारायचं होतं, आम्ही रत्नागिरीकडचे, मला गोळ्या चालू असताना बांगडा खाऊन दोनदा तोंड लालबुंद झालेलं आणि डोकं ठणकलेलं. ॲलर्जी समजून मासे सोडले होते. आता खाते तर काही होत नाही. ते गोळ्यांमुळे असेल का?

---

रातपाळी

हो, असू शकतं. आयसोनियाझिड शरीरातलं हिस्टामिन मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं आणि बांगडा, कुपा, सुरमई असल्या माशांत ते बर्फाशिवाय राहिले की हिस्टामिन वाढतं. शिजवल्याने ते जात नाही. चेहरा लाल, डोकं, धडधड, घाम असं होतं. गोळ्या चालू असताना हे मासे खायचे तर एकदम ताजे, नाहीतर दुसरे खावेत. मासे पूर्ण बंद करायची गरज नाही, प्रोटीन सोन्यासारखं आहे ते. धाप लागली किंवा घसा सुजला तर मात्र ते वेगळं, लगेच दवाखाना.

---

क्षेत्रभेट

मी टीबीच्या कार्यक्रमात काम करतो, गावोगावी पेशंटच्या घरी जाणं हेच काम. वर सगळ्यांनी छान सांगितलंय, मी वजनाचं बोलतो कारण माझ्या मते सगळी गोष्ट तिथे येऊन थांबते.

५ फूट २ इंच आणि ३८ किलो म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) १५.३ च्या आसपास येतो. १६ च्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, हे हलक्यात घेऊ नका. पायावर सूज आहे का बघा, नडगीवर अंगठा दाबून धरा, खड्डा राहतो का. तामिळनाडूत २०२२ पासून प्रत्येक नव्या टीबी पेशंटचं वजन, पायाची सूज, श्वास, ऑक्सिजन आणि आधाराशिवाय उभं राहता येतं का एवढं बघून गंभीर पेशंट लगेच ॲडमिट करतात. सूज असेल किंवा उठून उभं राहता येत नसेल तर घरी ठेवू नका.

झारखंडमध्ये राशन्स नावाचा मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये आला, डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी केलेला. २८०० पेशंट होते, जवळपास निम्म्यांचा बीएमआय तुमच्या ताईसारखाच १६ च्या खाली. महिन्याला १० किलोची शिधा, तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल, आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी दिसला. ३८ किलोला ५ टक्के म्हणजे दोन किलोला थोडं कमी. एवढंच टार्गेट ठेवा आत्ता, दोन किलो.

आता हक्काचं. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये आहेत, आधी ५०० होते, ३००० चे दोन हप्ते थेट बँक खात्यात येतात. आले नसतील तर खातं आणि आधार जोडलंय का ते आरोग्य केंद्रात विचारा, बहुतेक वेळा तिथेच अडकलेलं असतं. बीएमआय १८.५ च्या खाली असेल तर पहिले दोन महिने जास्त ऊर्जेचा पूरक आहार द्यायची पण तरतूद आहे, तो मागून घ्या. निक्षय मित्र कुणी दत्तक घेतलंय का ते आशाताईंना विचारा, त्यातून कोरडा शिधा मिळतो. लाजू नका, मागा.

आणि वजन दर महिन्याला त्याच काट्यावर करा. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते, ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ ला चार, त्यामुळे वजन चांगलं वाढलं की डोस पण बघावा लागतो.

---

कोरडवाहू

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. पायावर सूज नाही, चालते फिरते, जिना चढते. गोळ्या आता पहाटे उठल्या उठल्या घेते आणि तासाभराने खाते, अँटासिड दुपारी. दूध बंद केल्यापासून फुगणं बरंच कमी आहे, पातळ अजून होतं पण एकदोनदाच. शौचाच्या तपासणीला उद्या देणार. झोन्युलिन रद्द केलं.

दोन शेवटचे प्रश्न. प्रोबायोटिकच्या कॅप्सूल आणि ते ब्युटिरेट म्हणून मिळतं ते द्यावं का, मेडिकलवाला म्हणाला आतड्याच्या अस्तराला भारी आहे. आणि घरात माझी दोन लहान मुलं आहेत, त्यांचं काय.

---

पेशीजाल

ब्युटिरेटचं सांगते. मोठ्या आतड्याच्या पेशी त्यांची बरीचशी ऊर्जा ब्युटिरेटमधूनच घेतात, जंतू तंतुमय अन्न आंबवून ते बनवतात, म्हणून ते अस्तराला चांगलं हे पुस्तकात बरोबर आहे. पण टीबीत गोष्ट सरळ नाही. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनमध्ये एचआयव्हीची औषधं घेणाऱ्या लोकांवर काम झालं, २०१७ मध्ये, त्यात ज्यांच्या रक्तात हे असले छोटे फॅटी ॲसिड जास्त होते त्यांना पुढे टीबी होण्याचं प्रमाण उलट जास्त निघालं, कारण ब्युटिरेट टीबीविरुद्धचा इंटरफेरॉन गॅमा पण दाबतं. इन्फ्लमेशन म्हणजे नुसतं वाईट असं नाही, टीबीत त्यातलं काही लागतं. म्हणून ब्युटिरेटची कॅप्सूल देऊ नका. डाळ, ज्वारी, नाचणी, केळं, शिजवलेल्या भाज्या यातून आतड्यात जे तयार होईल ते होऊ दे.

प्रोबायोटिकने टीबीच्या पेशंटचं अस्तर सुधारतं असा भक्कम पुरावा नाही. घरचं ताजं दही, ताक द्या. इतक्या अशक्त माणसाला जिवंत जंतूंच्या महागड्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, तेच पैसे अंडी आणि डाळीत घाला.

---

क्षेत्रभेट

मुलांचं तातडीने करा, ताईच्या पोटाइतकंच तातडीने. दोघांची टीबीची तपासणी करून घ्या, वजन, ताप, खोकला, एक्सरे. टीबी नाही असं ठरलं की प्रतिबंधक गोळ्या मिळतात, ५ वर्षांच्या आतल्या मुलांना तर द्यायलाच हव्यात, मोठ्यांना पण देतात, फुकट आहेत. घरातल्या बाकीच्यांची पण तपासणी त्याच दिवशी होईल, आईची पण.

आणि घरात शिधा आणाल तो सगळ्यांना पुरेल असा आणा. झारखंडमध्ये पेशंटच्या घरच्यांना पण महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली होती, तर त्या घरांत नवीन टीबी ३९ टक्के कमी झाला. ताईला अंडं आणि मुलांना नुसता चहा चपाती असं करू नका. जाताना ताईचं निक्षय कार्ड आणि सगळ्यांची आधार कार्डं बरोबर न्या, आशाताईंना आज रात्रीच फोन करून सांगून ठेवा म्हणजे सकाळी लवकर नंबर लागेल.